खोलीतला सातवा

दारावर थाप पडली आणि अब्बासचाचांना नेमका तेव्हाच खोकला आला.

त्यांनी घाईघाईनं टॉवेल तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोकला काही टॉवेलात मावत नव्हता. बाहेर कोशी उभा होता, आमच्या लॉन्ड्रीचा सुपरवायझर. माणूस केरळचा, कान सशाचे. आत कोण एवढं खोकतंय, असं त्यानं दाराबाहेरूनच विचारलं.

मी वरच्या पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसलो होतो. मला काय सुचलं देव जाणे, मी खोकलो. साधासुधा नव्हे. गावच्या नमन-खेळ्यांत मी म्हाताऱ्याचं सोंग काढायचो, त्यातला ठेवणीतला खोकला काढला. बेंबीखालून उठणारा, छातीत घरघरत फिरणारा आणि शेवटी ‘आये गं’वर येऊन टेकणारा. समोरच्या पलंगावर पांडू मांडवकर डाळभात खात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, घास गिळला आणि तोही खोकला. मग उरलेले तिघे. कोशीनं दार ढकललं तेव्हा अख्खी खोली खोकत होती, आणि त्या कल्लोळात चाचांचा खोकला कुठं गेला ते कळलंच नाही. समुद्रात पोहताना एखाद्यानं लघवी केली तर कुणाला कळतंय?

नवे टॉवेल आलेत साहेब, त्यांचं तूस उडतं, पांडूनं गंभीर तोंड करून सांगितलं. कोशी स्वतः दिवसभर त्याच तुसात वावरणारा. त्याला ऐकताऐकताच शिंक आली. दार लावून तो निघून गेला आणि आम्ही उश्यांत तोंडं खुपसून हसलो.

चाचा हसले नाहीत. ते टॉवेलाची घडी घालत होते, बारीक, मग आणखी बारीक. आतली बाजू कुणाला दिसू नये अशी.

देशाचं नाव मी सांगत नाही. आपल्याकडची पोरं अजून तिकडे आहेत, आणि माझ्या गोष्टींना पाय फुटतात हे मला ठाऊक आहे. एवढंच सांगतो की समुद्राकाठी एक हॉटेल होतं, एवढं उंच की वरच्या मजल्यावर ऊन आणि खालच्या मजल्यावर धुकं असायचं. यातलं थोडं मी वाढवलंय, पण थोडंच. जगातले प्रवासी तिथं येऊन झोपायचे, आणि ज्या चादरींवर झोपायचे त्या आम्ही धुवायचो. गोरे, काळे, पिवळे, नवरानवरी, विमानांचे पायलट. सगळ्यांच्या चादरी सारख्याच मळतात. हे ज्ञान मला तिथं मिळालं.

हॉटेलपासून लांब, वाळूत, आमच्या राहायच्या बराकी. एका खोलीत आम्ही सहाजण, सगळे कोकणातले. पाचजणांना रात्रपाळी, म्हणून आम्ही दिवसा झोपायचो. खिडकीला चांदीचा कागद चिकटवलेला, आत कायम काळोख. प्रत्येक पलंगाला हॉटेलच्या जुन्या चादरीचा पडदा. अब्बासचाचा परकार इस्त्रीखात्यात होते, बाणकोटकडचे, आमच्यात सगळ्यांत वडील. त्यांची पाळी दुपारची. आम्ही घोरायला लागलो की ते कामावर जायचे. त्यांचा पलंग खालचा, माझा त्यांच्या बरोबर वर.

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. थुंकीत रक्त येतंय. भाऊ याच आजारानं गेला, तेव्हा ओळखायला डॉक्टर नको. तिकडचा नियम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. परवान्याची मुदत संपली की छातीचा फोटो काढायचा, आणि फोटोत डाग दिसला की माणूस थेट विमानात. बोटांचे ठसे घेऊन असा पाठवायचे की पुन्हा त्या देशाचं दार बंद.

चाचांना देशाच्या दाराचं काही नव्हतं. त्यांची मुलगी रुकय्या. तिचं लग्न ईदनंतर ठरलेलं. नवऱ्या मुलाचा मामा त्याच शहरात टॅक्सी चालवायचा. चाचांना पकडून पाठवलं तर विमान मुंबईत उतरायच्या आधी बातमी बाणकोटात. क्षयवाल्याच्या घरातली मुलगी कोण करणार? ईदला मी आपल्या पायांनी रजेवर जातो, ते म्हणाले, निकाह लावतो आणि मग मुंबईत गुपचूप औषध घेतो. तेवढे दिवस काढायचेत. तुम्हाला भीती वाटत असेल तर मी दुसरीकडे जागा बघतो.

असं कुणी कोकणातल्या माणसाला म्हणावं का? पांडू तर चिडलाच. ‘‘चाचा, एका ताटात जेवलोय. आता ताट वेगळं करायचं म्हणजे थुंकून चाटण्यासारखं.’’

मग आम्ही चाचांना वाचवायला कंबर कसली. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत चिंध्या भरल्या. खिडकीच्या कागदाला आणखी कागद लावला. भिंतीत हवेसाठी एक जाळी होती, तिच्यावर पांडूनं पुठ्ठा ठोकला. खोली अशी बंद केली की डासाला आत यायचं तर परवाना काढावा लागला असता.

आणि मी त्यांना खोकायला शिकवलं. नमनाची तालीम घ्यावी तशी. आधी पोटातून उचला, मग थोडं थांबा, मग सोडा. पांडूचा खोकला म्हणजे चढावरची एस.टी. राजापूरचे दोघे भाऊ लाजत-लाजत खोकायचे, पाहुण्यांसमोर ढेकर आल्यासारखे. घाणेकर मुळात तोंडच उघडायचा नाही. पण हळूहळू सगळे तयार झाले. दारावर थाप पडली की आधी खोकायचं, मग ‘कोण’ म्हणायचं, अशी सवयच लागली. चाचांच्या खोकल्याला पाच खोकल्यांचं पांघरूण. त्यातही माझ्या खोकल्याला तोड नव्हती. पुढेपुढे शेजारच्या खोलीतले लोक जेवणानंतर मुद्दाम ऐकायला यायचे. मी भुवड, म्हणून भुवडाचा म्हातारा काढ म्हणायचे. मी काढायचो, आणि टाळ्या घ्यायचो. दिवसेंदिवस तो इतका झकास जमायला लागला की माझं मलाच नवल वाटायचं. घरघर न मागता यायची.

चाचा आपल्या पलंगावर बसून ऐकायचे. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले. टाळी मात्र कधी वाजवली नाही. मला वाटलं, ज्याचं जळतं त्याला आगीचं सोंग कसं आवडेल.

अशात एक दिवस पांडूनं मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा पांढरा. त्याला दुपारी मध्येच जाग आली होती, म्हणाला, आणि खोलीत कुणीतरी खोकत होतं. चाचा असतील, मी म्हटलं. पण चाचा तर कामावर होते. आवाज मात्र त्यांच्याच कोपऱ्यातून येत होता. पांडूनं धीर करून उठून चाचांच्या पलंगाचा पडदा सारला. पलंग रिकामा. चादर सरळ, उशी जागेवर. आणि पडदा हातात धरलेला असतानाच पुन्हा खोकला आला, अगदी जवळून.

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी राजापूरच्या थोरल्यानं ऐकला. मग धाकट्यानं. मग घाणेकरानं, आणि घाणेकर बोलला म्हणजे गोष्ट खरीच असणार. तोच कोपरा, तीच भर दुपार, पलंग रिकामा. मला एकट्याला कधी ऐकू आला नाही. माझी झोप मेल्या म्हशीची. त्याचं मला फार वाईट वाटलं. खोलीत भूत असावं आणि ते गोष्टी सांगणाऱ्यालाच भेटू नये, हा कुठला न्याय?

मग मी माझ्या परीनं भरपाई केली. मी त्या भुताला नाव दिलं. सिल्वा, लंकेचा स्वयंपाकी. आमच्या आधी याच खोलीत, याच पलंगावर राहायचा. घरी जायच्या आदल्या दिवशी खोकता-खोकता गेला, आणि पेटी मात्र भरलेली, दोरीनं बांधलेली, तशीच राहिली. म्हणून तो दुपारी येतो, पेटी शोधतो. मी सांगत गेलो तसतशी सिल्वाला बायको आली, मग आंधळी आई, मग पेटीत आईसाठी घेतलेला निळा चष्मा. आंधळ्या आईला चष्मा कशाला, असं कुणीतरी विचारलं, तर मी म्हटलं, तेच तर त्याला मेल्यावर आठवलं. मेसचा आचारी आमच्या दारात उदबत्ती लावून गेला. सहाजणांच्या खोलीतला सातवा, म्हणून सिल्वा सगळ्या बराकीत प्रसिद्ध झाला.

शुक्रवारी चाचांना सुट्टी असायची. त्या शुक्रवारी दुपारी ते पलंगावर पडून होते आणि मी वर झोपलो होतो. जाग आली तेव्हा ते खाली उभे राहून माझ्याकडे बघत होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

मी विचारलं, सिल्वा भेटला का.

‘‘भेटला,’’ चाचा म्हणाले.

त्यांनी एवढंच सांगितलं. कसा आहे, काय म्हणाला, मी नाना परी केल्या, पण ते बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, तू त्याला कधीच ऐकला नाहीस का. मी माझ्या झोपेचा पोवाडा गायला. ते मान तिरकी करून ऐकत होते. माझं बोलणं ऐकत होते असं नाही. मी दोन वाक्यांमध्ये श्वास घेतो ते ऐकत होते, असं आता वाटतं.

त्या दिवसापासून चाचा बदलले. वळकटी उचलून ते जिन्याच्या मोकळ्या टप्प्यावर झोपायला लागले. आमच्याबरोबर जेवायला बसेनात, ताट घेऊन बाहेर जायचे. पांडूनं ठोकलेला पुठ्ठा त्यांनी एक दिवस काढून टाकला. पांडूनं पुन्हा ठोकला. मी त्यांना सगळ्यांसमोर चिडवलं, की एवढे अल्लावाले आणि लंकेच्या स्वयंपाक्याला घाबरून जिन्यावर झोपता. ते हसले. माझा शर्ट इस्त्री करून त्यांनी माझ्या खांद्याला लावून धरला आणि म्हणाले, हा पूर्वी तुला बसायचा, आता तुझ्यावर लटकतो. मग त्यांच्या ताटातलं उकडलेलं अंडं रोज माझ्या ताटात यायला लागलं. मी खाल्लं. म्हाताऱ्याला भूक नसते, माझं समाधान.

ईद जवळ आली. चाचांच्या पलंगाखाली एक पेटी आली, तिच्यात रुकय्यासाठी हिरवं रेशमी कापड. बस, आता थोडेच दिवस, आम्ही एकमेकांना म्हणायचो.

आणि सिल्वाचे पाय कोशीपर्यंत पोचले. मी सांगितलं ना, माझ्या गोष्टींना पाय फुटतात. कोशी चर्चला जाणारा माणूस. मेलेली माणसं उठतात यावर त्याचा विश्वास होता, पण उठून खोकतात यावर नव्हता. भुताला फुप्फुसं कुठून आली, असं तो मेसमध्ये म्हणाला म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारावर थाप पडली.

आम्ही सवयीनं खोकलो. शुक्रवार होता, म्हणून चाचा त्या वेळी आतच होते, पेटीला दोरी बांधत होते. दार उघडलं. कोशीबरोबर सरकारी आरोग्यखात्याची नर्स होती, सिस्टर लिसी. बुटकी, जाड चष्म्याची, तोंडावर मास्क. तिनं आधी आम्हाला पाहिलं नाही. खिडकीचा कागद पाहिला, दारातल्या चिंध्या पाहिल्या, भिंतीवरचा पुठ्ठा पाहिला. मग मोडक्या हिंदीत विचारलं, खोकतो कोण?

मी खोकलो. पांडू खोकला. राजापूरचे भाऊ, घाणेकर, सगळे. चाचाही त्यातच खोकून घेत होते. सिस्टर बिचारी या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. कोशीनं तुसाचं कारण सांगितलं, आमच्याच शिकवणीचं. सगळेच खोकतात म्हणजे तूसच असेल, तिलाही पटल्यासारखं दिसलं. लॉन्ड्रीत तोंडाला फडकं बांधा, जाळी उघडी ठेवा, असं सांगून ती वळली. मी पांडूला डोळा मारला. माझ्या म्हाताऱ्यानं सरकारला चकवलं होतं.

‘‘सिस्टर,’’ मागून आवाज आला.

अब्बासचाचा उठून उभे राहिले होते. पेटीची दोरी अजून हातात.

‘‘ही पोरं सोंग करतात. मना टीबी आहे. रक्त पडतं.’’

सिस्टर परत आत आली. चाचांनी घडी घातलेला टॉवेल उलगडून तिच्यासमोर धरला. आणि म्हणाले, ‘‘मना एकट्याला न्हेऊ नका. या खोलीतल्या सगळ्यांचे फोटो काढा. एक पण सोडू नका.’’

पांडू त्यांच्या अंगावरच धावला असता, घाणेकरानं धरलं. चाचा, आम्ही तुमच्यासाठी काय नाय केलं, असं पांडू पुन्हापुन्हा म्हणत होता. मला जे वाटलं ते तोंडात मावणारं नव्हतं. स्वतः बुडणारा माणूस आमचे पाय धरून आम्हाला खाली ओढतोय, असं वाटलं. गाडीत बसताना त्यांनी माझा आधार घ्यायला हात पुढे केला. मी तो पाहिला नाही असं दाखवलं.

फोटो काढले. पांडू, घाणेकर आणि भाऊ सुटले. त्यांना नुसत्या गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं. मला ठेवून घेतलं. माझ्या फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला डाग आहे, म्हणाले. मी म्हटलं, मशीन खराब असेल, नाहीतर तूस असेल. सिस्टर लिसीनं फोटो उजेडाला धरला आणि डागावर बोट ठेवलं.

ती एकदा आमच्या वॉर्डात खुर्ची ओढून बसली होती. दमली होती बहुतेक. हे शहर म्हणजे धर्मशाळा आहे, म्हणाली. रोज विमानं भरभरून माणसं उतरतात आणि तेवढीच उडतात. इथल्या एका खोलीत पडलेला खोकला उद्या कुठल्या देशात जाऊन बसेल, सांगता येत नाही. म्हणून सरकार भितं आणि आजाऱ्याला हाकलतं. आणि हाकलतं म्हणून तुम्ही लपवता. मी विचारलं, आमच्या चादरींवर झोपलेल्या प्रवाशांना काही होईल का. चादरीनं काही होत नाही, ती म्हणाली. बंद खोलीतल्या हवेनं होतं. मग चष्मा पुसत तिनं विचारलं, ती जाळी कुणी बुजवली होती.

चाचांचा पलंग माझ्या शेजारी होता, मध्ये पडदा. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. थुंकीतले जंतू गेले की दोघांनाही घरी पाठवणार होते, ठसे घेऊन. टॅक्सीवाल्या मामाला कळलंच होतं. रुकय्याचं काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही. ते हिरवं कापड पेटीत होतं आणि पेटी पलंगाखाली, दोरी बांधलेली. सिल्वाची पेटी मी जशी रंगवली होती अगदी तशी. मी तिकडे बघायचं टाळायचो.

एका दुपारी पडदा बाजूला झाला.

‘‘भुवडा,’’ चाचा म्हणाले, ‘‘तुजा म्हातारा काढ बघू.’’

‘‘आता कुणाला फसवायचंय?’’

‘‘कुणाला नाय. मना ऐकायचाय.’’

मला राग आला. रागातच उठून बसलो, गुडघ्यावर हात ठेवला, आणि काढला. बेंबीपासून. घरघर, चढण, उतार, सगळं. ‘आये गं’वर आणून टेकवला.

‘‘झक्कास,’’ चाचा म्हणाले. ‘‘आता थांब.’’

मला थांबता येईना. मी हात तोंडावर दाबला, श्वास धरला, पलंगाची कड पकडली. खोकला माझं ऐकत नव्हता. तो माझा नव्हताच. माझ्या आत कुणीतरी बसून तो काढत होतं. संपला तेव्हा मी घामानं भिजलो होतो आणि ओठांवर खारट चव होती.

चाचांनी पाण्याचा पेला पुढे केला.

‘‘पांडू गळ्यातनं खोकतो. ते दोघे भाऊ नुसता तोंडानं आवाज करतात. तू एकटा छातीतनं. सगळे म्हणायचे, भुवडाचा खोकला अस्सल. मी ऐकत होतो ना. माज्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?’’

मी पेला तसाच धरून बसलो. मला एकच प्रश्न सुचला, आणि तोही वेड्यासारखा.

‘‘आणि सिल्वा?’’

चाचांनी बोट उचललं आणि छताकडे दाखवलं.

‘‘माज्या पलंगाच्या वर कोण निजायचा?’’

त्या काळोखातल्या खोलीत, भर दुपारी, रिकाम्या पलंगाचा पडदा हातात धरून पांडू उभा आहे, आणि त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर मी झोपेत खोकतोय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सगळ्यांनी ऐकलेलं आणि मी एकट्यानं न ऐकलेलं भूत. मी त्याला बायको दिली, आई दिली, चष्मा दिला.

मला एकट्याला सांगायचं होतंत, मी म्हटलं. चाचा म्हणाले, सांगितलं असतं तर तू त्याचीही गोष्ट केली असतीस. आणि ते खरं आहे.

त्यांना माझ्या आधी पाठवलं. जाताना मी त्यांची पेटी उचलून दारापर्यंत नेली. पुढचं पाऊल टाकायची मला परवानगी नव्हती. मी परत आलो, गोळ्या घेतल्या, बरा झालो. चाचा बरे झाले नाहीत. फुप्फुसांतली भोकं मोठी झाली होती. बाणकोटच्या त्यांच्या घरी, माडांच्या मधल्या मोकळ्या पडवीत खाट टाकून ते झोपायचे, आणि तिथंच गेले. पांडू पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, तुम्ही गेल्यावरही दारावर थाप पडली की आम्ही चौघे खोकायचो. लपवायला कुणी नव्हतं, तरी. आणि खोकून झालं की कुणीच कुणाकडे बघायचं नाही.

गावात आल्यावर नमनवाले मला बोलवायला आले होते. म्हाताऱ्याचं सोंग मी पुन्हा काढलं नाही. बाकी थापा सगळ्या चालू आहेत.

रुकय्याकडे जायला मला फार वर्षं लागली. ते लग्न मोडलं, हे ऐकून होतो. पुढे म्हसळ्याला, उशिरा, एका बिजवराशी झालं. मी गेलो तेव्हा तिचे केस पिकले होते. मी कोण हे सांगितल्यावर तिनं मला पडवीत बसवलं, चहा दिला, बापाविषयी इकडचं तिकडचं विचारलं. अब्बा इस्त्री कशी करायचे, काय खायचे. मग कपाकडे बघत म्हणाली, ‘‘काका, ईदला थोडेच दिवस होते. ते गप्प बसले असते तर निभावलं असतं. ते उभे का राहिले? मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, खोलीत हवा नव्हती.’’

मी तिला सांगितलं. सगळं, खोकल्याच्या तालमीपासून छताकडे दाखवलेल्या बोटापर्यंत. एक शब्द वाढवला नाही. जन्मात पहिल्यांदा वाढवला नाही, आणि ऐकताना ती हसत होती. मुलांचं मन राखायला मोठी माणसं हसतात तशी.

‘‘तुमच्याबद्दल अब्बा सांगायचे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणायचे, भुवड म्हणजे मोठा गोष्टीवेल्हाळ. मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?’’

मी नाही म्हटलं. ती नुसती मान हलवत राहिली. शपथ घ्यावी तर माझी शपथ कोण मानणार?

‘‘बरं, काढा बघू तो खोकला,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या अब्बांनी ओळखला तो.’’

मी सावरून बसलो. गुडघ्यावर हात ठेवला, मान पुढे काढली, आणि इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला बेंबीखालून हाक मारली. आवाज आला, पण गळ्यातून. छातीत काही हललंच नाही. तिथं नुसती हवा होती, आत जाणारी आणि बाहेर येणारी. मी पुन्हा जोर लावला. घरघर काढायची खटपट केली. ‘आये गं’वर टेकलो तोवर माझं मलाच हसू यायला लागलं होतं, इतकं ते फुसकं होतं. पांडूसुद्धा यापेक्षा बरा खोकायचा.

रुकय्या ऐकत होती. मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले.

‘‘हा खोटा आहे,’’ ती म्हणाली.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

मग डोळे न उघडताच तिनं ओढणीचं टोक चाचपडून हातात घेतलं आणि त्याची घडी घालायला लागली. बारीक, मग आणखी बारीक.